ठोकलेली माती

माझा गुडघा बदलला त्या वर्षी आमच्या गच्चीचा कारभार केरबांच्या हातात गेला आणि तिथूनच हे सगळं सुरू झालं. केरबा म्हणजे माझे मालक. नवऱ्याचं नाव घ्यायला मी आता उखाण्याची वाट बघत नाही. साठीला टेकल्यावर बाईमाणसाला एवढी तरी मोकळीक असावी.

गच्ची म्हणजे फार काही नाही. शिवाजी पेठेत आमच्या दोन खोल्या, वर स्लॅब आणि स्लॅबवर जायला उभाच्या उभा जिना. त्या स्लॅबवर मी बावीस वर्षं भाजी करत आले. रंगाच्या बादल्या, फुटका टब, फळवाल्याकडची थर्माकोलची खोकी, मिळेल त्यात माती भरायची. मी मलकापूरकडची, शेतकऱ्याची लेक. मातीत हात घातल्याशिवाय मला दिवस गेल्यासारखा वाटत नाही. दसऱ्याला कांद्याचं बी टाकायचं आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, मिसळीच्या भाजीत घरची पात घालायची, हा माझा नेम. बाकी सगळं मंडईतून आलं तरी चालेल, पात घरची पाहिजे. बी मलकापुरातून माझी मोठी बहीण, आक्का, पाठवते. दर उन्हाळ्यात नवं, कारण कांद्याचं बी वर्षाच्या पुढं जगत नाही.

गणपती गेले आणि डॉक्टरांनी माझा गुडघा बदलला. तीन महिने जिन्याकडं बघायचंसुद्धा नाही असं बजावलं. दसरा तोंडावर आला. मी केरबांना म्हटलं, या वर्षी बी तुम्ही टाका. ते म्हणाले, त्यात काय एवढं.

आता केरबांचा हात कसला ते सांगितलं पाहिजे. ते चौतीस वर्षं उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. लोखंडी चौकटीत लाकडी पॅटर्न ठेवायचा, भोवती ओलसर वाळू भरायची, ती ठोकून ठोकून दगडासारखी करायची, मग पॅटर्न अलगद काढायचा आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. वाळू सैल राहिली की माल फुगतो, वाया जातो. केरबांचा माल कधी फुगला नाही. नुसती मूठभर वाळू दाबून ते सांगायचे, पाणी कमी हाय का जादा. रिटायर झाले तेव्हा फाउंड्रीच्या मालकांनी शाल दिली आणि केरबांनी घरी येऊन ती घडीसुद्धा न मोडता कपाटात टाकली. त्यानंतर त्यांच्या हातांना काम उरलं नाही. हात रिकामे आणि तोंड तर आधीपासूनच बंद.

तोंड बंद व्हायला तीन वर्षं झाली होती. आमची एकुलती एक प्रियदर्शनी, घरात आम्ही तिला पियू म्हणतो, शेतकी कॉलेजात शिकली आणि बरोबरच्या अनेकांत नावाच्या पोराशी तिनं कोर्टात लग्न केलं. अनेकांत कुरुंदवाडचा, जैनांचा मुलगा. घरची शेती, शेतात भाजीच्या रोपांची नर्सरी. पोरगा सालस आहे, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत आले. पण लग्न झाल्यावर घरी कळवलं, हे केरबांच्या काळजात रुतलं. रुतलं ते बोलून दाखवतील तर ते केरबा कसले? बोलले ते भलतंच. म्हणाले, "आपल्यात कांदा फोडल्याबिगार भाकरी उतरत न्हाय, आन् ही पोरगी कांदा सोडायला लावणाऱ्या घरात गेली." एवढं एक वाक्य बोलले आणि त्या दिवसापासून लेकीशी एक शब्द नाही. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हेच. राग लेकीनं विचारलं नाही याचा आणि खापर बिचाऱ्या कांद्यावर.

पियूचा फोन रोज दुपारी दोनला यायचा. त्या वेळी केरबा भिंतीकडं तोंड करून आडवे व्हायचे. मला वाटायचं, झोपलेत. मग एकदा बोलता बोलता मी मुद्दाम म्हटलं की तुला ताप आलाय तर अंगावर काढू नको, आणि बघितलं तर या माणसाच्या पायाची बोटं हलायची थांबली. तेव्हापासून मी फोन जरा मोठ्यानंच बोलायला लागले. पियूला मी दर सणाला बोलवायची. ती दर वेळी एकच सांगायची, आण्णा बोलवतील त्या दिवशी येईन. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि आमच्या घरात तर दोन सुंभ.

दसऱ्याला केरबांनी बी टाकलं. रोज सकाळी उठून वर जायचे, खाली यायचे. पंधरा दिवस झाले आणि एक दिवस ते खोकंच उचलून खाली घेऊन आले. माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "तुझ्या आक्काचं बी मेलंय."

नाचता येईना अंगण वाकडं! मला असा राग आला. पण खोक्यात बघितलं आणि राग जागच्या जागी थांबला. माती अशी सपाट, अशी गुळगुळीत की त्यावर भाकरी थापावी. कडा थापीनं घोटून घेतलेल्या. कोपऱ्यात खिळ्यानं तारीख कोरलेली. मी बोट खुपसायला गेले तर नख वाकलं. केरबांनी माती चाळली होती, भिजवली होती, मुठीत दाबून बघितली होती आणि मग चौतीस वर्षांच्या सवयीनं ती ठोकून बसवली होती. बी टाकून वर पुन्हा ठोकली होती. कांद्याचा कोंब केसासारखा बारीक असतो. तो बिचारा त्या फरशीतून कुठून डोकं काढणार?

ओठावर आलं होतं, अहो, हे काय लोखंड ओतायचंय का यात? पण मी ते गिळलं. कारण त्याच क्षणी माझ्या डोक्यात दुसरं काही आलं. या माणसाला आज पहिल्यांदा अशी गोष्ट अडली होती जिचं उत्तर त्याच्या लेकीकडं होतं. मी सांगून टाकलं तर पात येईल. नाही सांगितलं तर कदाचित लेक येईल.

मी चेहरा साधा ठेवला आणि म्हटलं, "मला काय म्हाईत बाई. आमच्याकडं फेकलं की उगवायचं. यातलं शास्त्र शिकल्याली घरात एकच हाय. तिला इचारा की."

केरबांनी माझ्याकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग खोकं उचललं आणि गच्चीवर गेले.

आक्काच्या बियावर मला शंका नव्हतीच, तरी मनाच्या समाधानासाठी मी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पिठाच्या डब्यामागं ठेवल्या. पाचव्या दिवशी उघडून बघितल्या तर नऊंना कोंब. ते कोंब मी गुपचूप तुळशीच्या कुंडीत पुरून टाकले. आपल्याच घरात चोरी करायची पाळी आली, पण वाईट वाटलं नाही.

दिवाळी आली. पाडव्याला केरबांनी परत बी टाकलं. पियू दिवाळीलाही आली नाही. मी फोनवर मोठ्यानं सांगितलं की तुझ्या आण्णांचं बी उगवत नाही. ती नुसतं हं म्हणाली. भिंतीकडचं तोंड भिंतीकडंच राहिलं. फोन काही कुणी मागितला नाही.

पुन्हा पंधरा दिवस गेले आणि खोकं पुन्हा खाली आलं. केरबा एवढंच म्हणाले, "न्हाय उगवलं." या वेळी बियाला नाव ठेवलं नाही. आक्काचं नाव काढलं नाही. खरं तर हे त्याच वेळी माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण मी मातीवर टिचकी मारली आणि माझं डोकंच फिरलं. पहिल्या खेपेपेक्षा घट्ट! विटेवर वाजवावं तसा आवाज आला. मनात म्हटलं, या माणसाला जन्मभर वाळूशिवाय काही कळलं नाही आणि आता कळायचंही नाही. तरी तोंडानं तेच म्हटलं, मला काय माहीत, जिला माहीत आहे तिला विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबांनी ते खोकं तांदळाच्या रिकाम्या पोत्यात घातलं. मी विचारलं, कुठं? म्हणाले, हंबीररावाकडं. हंबीरराव त्यांच्याबरोबर फाउंड्रीत होता, त्याच्या भावाची शेती आहे. त्याला दाखवतो म्हणाले आणि पोतं खांद्यावर टाकून गेले.

मी दारात बसून राहिले. मला रडू आलं, ते लपवायचं कारण नाही. सगळ्या जगाला विचारतील, एका लेकीला सोडून. माझा डाव फसला होता आणि वर सव्वा महिना वाया गेला होता. दुपारी दोनला पियूचा फोन आला नाही, त्याचंही मला त्या दिवशी फारसं वाटलं नाही. मीच तिला काय सांगणार होते?

केरबा परत आले ते दिवेलागणीला. खोकं रिकामं, बरोबर एका पिशवीत काळी हलकी माती आणि कोकोपीट, म्हणजे तो नारळाच्या शेंड्यांचा भुसा. हंबीररावानं दिलं म्हणाले. मी विचारलं, दिवसभर तिथंच होता? ते म्हणाले, "गप्पा मारत बसलो." केरबा आणि गप्पा! पण मी इतकी चिडले होते की पुढं विचारलंच नाही.

तिसऱ्या खेपेला त्यांनी खोकं माझ्यासमोर, खालीच भरलं. माझी पिठाची जुनी चाळण मागून घेतली. माती चाळली, भुसा मिसळला आणि दोन्ही हातांच्या ओंजळीतून ती खोक्यात नुसती सोडली. बोटानं बारीक रेघा ओढल्या. चिमटीनं बी टाकलं, मीठ भुरभुरावं तसं. वर मातीचा पातळ थर. मग सवयीनं त्यांचा तळवा वर गेला, दाबायला. तो मातीवर वीतभर अंतरावर थांबला. केरबांनी स्वतःच्या हाताकडं बघितलं आणि तो हात खिशात घालून ठेवला. मला त्यांची दया आली आणि मायाही आली. चौतीस वर्षांचा हात असा अडवायचा म्हणजे सोपं नाही.

आठव्या दिवशी सकाळी ते जिन्यावरूनच म्हणाले, "आलंय."

खोकं खाली आणलं ते असं की जणू वितळलेल्या लोखंडाची कढई आणताहेत. मातीतून हिरवे केस वर आले होते, सगळे कमरेत वाकलेले, काहींच्या टोकाला अजून बियाची काळी टोपी. आम्ही दोघं खोक्यावर ओणवे होऊन बघत बसलो. मी म्हटलं, हंबीररावांना कळतं म्हणायचं. केरबांनी खोक्याच्या कडेवरची माती पुसली. मला पात आल्याचा आनंद झाला आणि तो अर्धाच झाला.

डिसेंबरात डॉक्टरांनी जिना चढायची परवानगी दिली. पुढं केरबा, मागं मी, एकेक पायरी करत वर गेलो. खोक्यात पात विणकामाच्या सुईएवढी झाली होती. केरबा तिला सकाळी झारीनं पाणी द्यायचे, दाटलेली रोपं उपटून दुसऱ्या बादलीत लावायचे, आणि लावताना माती दाबायची नाही म्हणून दोनच बोटं वापरायचे. मी भोगीचं बोलवायला पियूला फोन केला. ती दर वर्षीचं वाक्य बोलली नाही, बघू म्हणाली. मला वाटलं, पोरगी आता नाही म्हणायलाही कंटाळली.

भोगीच्या दिवशी पहाटेच मी बाजरीचं पीठ काढलं, तीळ भाजले, पावटा, घेवडा, हरभऱ्याचे सोलाणे, गाजरं निवडून ठेवली. केरबा गच्चीवरून पात घेऊन आले. उपटली नव्हती, कात्रीनं कापली होती, मुळं मातीत राहू दिली होती. पात पेन्सिलीपेक्षा बारीकच होती, पण वास असा की खोली भरून गेली.

पात माझ्या हातात देऊन ते तिथंच उभे राहिले. मग म्हणाले, "भाजी दोन भांड्यांत कर. एकात कांदा नगं."

मी वर बघितलं.

"लसूण बी नगं. आन् गाजर बी नगं, ते बी जमिनीखालचंच."

मी विचारलं, "गाजराचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

ते बाहेरच्या खोलीत गेले आणि तिथून म्हणाले, "ताटं चार लाव."

माझा हात परातीतच राहिला. विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं आणि ते दुसऱ्याच कुणाचं नाव घेतील, या भीतीनं मी गप्प भाकरी थापत बसले. एक भाकरी करपली, एक तव्यावर मोडली. चाळीस वर्षांत माझी भाकरी मोडली नव्हती.

अकराच्या सुमाराला दारात मोटारसायकल थांबली. पियू उतरली. हिरवी साडी, हातात वाणाची पिशवी, जराशी अंगानं भरलेली. मागं अनेकांत. मी अजून उठून उभी राहतेय तोवर केरबा उंबऱ्यापर्यंत गेले होते. तीन वर्षांत ज्याचं नाव त्यांनी घेतलं नाही, त्याच्याकडं बघून ते म्हणाले, "या पावणं. आत या."

मी पदर डोळ्याला लावला. लेक येऊन गळ्यात पडली.

पंगत बसली. केरबांनी स्वतः उठून जावयाला बिनकांद्याची भाजी वाढली, दोनदा वाढली, आणि भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. पियूनं मात्र पातीची एक कोवळी काडी उचलली, मीठ लावलं आणि लहानपणी खायची तशी भाकरीबरोबर कचकच चावली. सासरी खात नाही, म्हणाली, सासूबाईंच्या स्वयंपाकघराची रीत आहे आणि ती मी पाळते. पण माहेरचं माहेरी. केरबांनी मान खाली घातली होती, पण तिच्या चावण्याचा आवाज ते ऐकत होते. फोन ऐकायचे तसाच.

जेवणं झाल्यावर आम्ही मायलेकी भांडी घेऊन मोरीपाशी बसलो. मी म्हटलं, काही म्हण, हंबीररावांचे उपकार झाले. त्यांनी माती कशी करायची ते शिकवलं, नाहीतर तुझे आण्णा जन्मभर ठोकतच बसले असते.

पियू हसायला लागली. "कुठले हंबीररावकाका? आण्णा पोतं घेऊन आमच्या नर्सरीत आलते की."

मी हातातलं ताट खाली ठेवलं. मग तिनं सगळं सांगितलं. सकाळी अकराला कुरुंदवाडच्या गाडीतून उतरून केरबा चालत मळ्यात गेले. टेबलाशी अनेकांत होता. त्यानं कधी सासऱ्यांना समोर बघितलं नव्हतं, तो म्हणाला, काय पावणं, काय अडचण? केरबांनी खोकं टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, मालकीणबाईंना दाखवायचंय. पियू शेडमधून आली, बापाला बघून जागच्या जागी थांबली. केरबा तिच्याकडं न बघता म्हणाले, बी उगवत न्हाय, बघ जरा. तिनंही मग आधी खोकंच बघितलं. दोघांना तेवढंच बघता येत होतं. दुपारी दोनला ती दोघं शेडमध्ये चहा पीत बसली होती, म्हणून त्या दिवशी मला फोन आला नव्हता. निघताना केरबा म्हणाले होते, भोगीला या, दोघं या, पण आईला आत्ता सांगू नका.

मी म्हटलं, "मग माझा डाव लागला म्हणायचा. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं गं, माती घट्ट झालीय. मी मुद्दाम बोलले नाही."

"त्यांना ठाऊक हाय," पियू म्हणाली. "ते म्हणाले, तुझी आई मलकापूरची हाय, बोट लावलं की तिला माती कळतीया. तिनं बोट लावलं, तोंड उघडलं आन् परत मिटलं. तवाच मला कळलं, तिला पात नको हाय, पोरगी पायजे."

बाहेरच्या खोलीत केरबा अनेकांतला काहीतरी समजावून सांगत होते. मूठ मिटून, उघडून, वाळू कशी ओळखायची ते दाखवत होते. जावई मान हलवत ऐकत होता.

"पण मग," मी म्हटलं, "कळलं होतं तर दुसऱ्या खेपेला परत का ठोकली? पहिल्यापेक्षा जास्त ठोकली होती. मी वाजवून बघितली होती."

"मी बी हेच विचारलं, आई," पियू म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. "आण्णा म्हणाले, न्हाय ठोकली असती तर उगवलं असतं. आन् उगवलं असतं तर काय तोंड घिऊन आलो असतो मी हितं?"